मुलांसाठी पहिली भिंत कोणती? गेम झोन, बोल्डरिंग आणि दोराची भिंत यांचा बडोद्यातील पालकांसाठी तुलनात्मक आढावा

सहा ते दहा वर्षांच्या मुलाला कृत्रिम भिंतीवरचे प्रस्तरारोहण शिकवायचे असेल, तर सुरुवात दोराशिवायच्या बुटक्या भिंतीपासून करावी आणि दोराची उंच भिंत काही महिन्यांनी घ्यावी, असे माझे मत आहे. दोन मुलांना घेऊन अडीच वर्षे वेगवेगळ्या भिंतींच्या पायथ्याशी बसल्यानंतर ते बनले आहे. ते प्रत्येक मुलाला लागू पडेल असे मात्र नाही. ज्या मुलाला उंचीपेक्षा पडण्याचेच भय अधिक वाटते, त्याच्यासाठी उलटा क्रम योग्य ठरतो, आणि माझा मुलगा नेमका तसाच निघाला. म्हणून पर्यायांची तुलना करताना शुल्क आणि अंतर यांच्या आधी आपले मूल कशाला बिचकते हे पाहावे.

बडोद्यातील बहुतेक मुलांची भिंतीशी पहिली ओळख मॉलमधल्या गेम झोनमध्ये किंवा ट्रॅम्पोलीनच्या जागेत होते. तेथे पाच-सात मीटरची एखादी भिंत असते, तीवर रंगीबेरंगी होल्ड (हातांनी धरायचे आणि पाय ठेवायचे खुंट) शिडीसारखे जवळजवळ बसवलेले असतात, मुलाला हार्नेस, म्हणजे दोर बांधण्यासाठीचा पट्ट्यांचा साज, चढवून दोर अडकवला जातो आणि दोन-तीन खेपांनंतर पुढच्या मुलाची पाळी येते. वाढदिवसाची दुपार आनंदात घालवायला, किंवा मुलाला या प्रकारात रस आहे का हे चाचपायला, एवढे पुरेसे आहे. शिकणे मात्र तेथे होत नाही, कारण होल्ड कोणत्या क्रमाने वापरायचे याचा विचारच मुलाला करावा लागत नाही आणि खाली उभा असलेला मदतनीस दर महिन्याला बदललेला असू शकतो.

एका परगावच्या अशा जागेत माझ्या मुलीला, ती तेव्हा सात वर्षांची होती, मोठ्या माणसाचा कमरेचा हार्नेस शेवटच्या छिद्रापर्यंत आवळून घातला गेला. ती दीड मीटर वर गेल्यावर पट्टा कमरेवरून बरगड्यांकडे सरकलेला मला दिसला आणि मी तिला तेथेच थांबवून खाली घेतले. लहान मुलांचे नितंब अरुंद असतात आणि डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे केवळ कमरेचा पट्टा घातलेले मूल दोरावर लटकताना उलटे होऊ शकते किंवा पट्ट्यातून निसटू शकते. यासाठी खांद्यांवरूनही पट्टे जाणारा पूर्ण शरीराचा हार्नेस असतो. युरोपीय मानकांत तो ४० किलोपेक्षा कमी वजनाच्या चढणाऱ्यांसाठी वेगळा प्रकार म्हणून दिलेला आहे. तो जेथे उपलब्ध नसेल, तेथे लहान मुलाला दोरावर चढवू नये. या एका मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

दुसरा पर्याय बोल्डरिंगचा. येथील भिंत साधारण चार ते साडेचार मीटर उंच असते, खाली सलग जाड गाद्या अंथरलेल्या असतात आणि दोर, हार्नेस यांपैकी काहीच नसते. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक मार्ग. चढणारी मंडळी त्याला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात आणि तो शब्द यथार्थ आहे, कारण कोणता पाय आधी, वजन कोणत्या बाजूला, हात कधी बदलायचा हे कोडे आधी खाली बसून सोडवावे लागते. लहान मुलांना या पद्धतीत विलक्षण गोडी वाटते. पाळीची वाट पाहावी लागत नाही, बिले देणाऱ्या, म्हणजे खाली उभे राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्या, माणसाची गरज नसते, एका तासात पंधरा-वीस प्रयत्न होतात आणि शेजारच्या मुलाने केलेली युक्ती लगेच करून पाहता येते. दोराच्या भिंतीवर तेवढ्याच वेळात, आणि तेही गर्दी नसेल तर, पाच-सहा चढाया होतात. हालचाल शिकण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

त्याची किंमत अशी की बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणे हे जमिनीपर्यंतचे पडणे असते. गादी असली तरी घोटा मुरगळतो, आणि हात मागे टेकवून पडण्याच्या स्वाभाविक सवयीमुळे मनगट किंवा कोपर दुखावतो. म्हणून पहिल्या दिवशी चढणे शिकवण्याआधी पडणे शिकवले जाते की नाही, ही माझी बोल्डरिंग जिमची पहिली परीक्षा आहे. दोन्ही पायांवर उतरायचे, गुडघे सैल ठेवायचे, हात छातीशी घ्यायचे आणि पाठीवर लोळण घ्यायची, हे अर्ध्या मीटरवरून, मग एक मीटरवरून दहा-दहा वेळा करून घेतले गेले पाहिजे. वर पोहोचल्यावर उडी न मारता होल्ड धरत खाली उतरण्याची सवयही तेव्हाच लागते.

त्याहून मोठा धोका चढणाऱ्याला नसून खाली फिरणाऱ्या मुलाला असतो. पाच-सहा वर्षांचे मूल दुसऱ्याच्या खालून धावत जाते आणि वरून साठ किलोचा तरुण पडतो. ज्या जिममध्ये मुलांसाठी स्वतंत्र वेळ किंवा स्वतंत्र भिंत आहे, त्या जिमला मी थोडे जास्त शुल्क देईन. रविवारी संध्याकाळी सर्वांसाठी खुल्या असलेल्या वेळेत मात्र लहान मुलाला नेणार नाही.

बोल्डरिंगमधील आणखी एक अडचण पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. मार्ग बसवणारे लोक प्रौढ असतात आणि होल्डमधील अंतर ते आपल्या हाताच्या लांबीवरून ठरवतात. सव्वा मीटर उंचीच्या मुलीला एखादा ‘सोपा’ मार्ग केवळ हात पोहोचत नाही म्हणून अशक्य होतो आणि आपल्याला जमत नाही असा तिचा समज होतो. प्रवेश घेण्यापूर्वी भिंतीकडे पाहून लहान उंचीसाठी बसवलेले किमान सात-आठ मार्ग आहेत का, आणि ते दर दीड-दोन महिन्यांनी बदलले जातात का, हे विचारावे. उत्तर अडखळत आले, तर तेथे मुलांकडे फारसे लक्ष दिले जात नाही असे समजावे.

तिसरा पर्याय दोराच्या भिंतीचा. त्यात दोन भिन्न पद्धती आहेत आणि जाहिरातीत त्यांचा उल्लेख एकाच दमात केला जातो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. टॉप रोपमध्ये दोर भिंतीच्या माथ्यावरील आधारातून खाली येतो; एक टोक मुलाच्या हार्नेसला आठच्या आकड्याच्या दुहेरी गाठीने बांधलेले असते आणि दुसरी बाजू खाली उभ्या माणसाच्या बिले उपकरणातून जाते. ऑटो बिलेमध्ये माणसाऐवजी माथ्यावर बसवलेले यंत्र ढील आपोआप ओढून घेते आणि हात सुटल्यावर मुलाला संथ गतीने खाली आणते.

शिकण्याच्या दृष्टीने या दोहोंतील महत्त्वाचा फरक असा की टॉप रोपवर मूल मध्येच थकले तर खालचा माणूस त्याला तेथेच तोलून धरतो. ते हात झटकते, पुढचा होल्ड शोधते आणि पुन्हा प्रयत्न करते. ऑटो बिलेवर हात सुटला की मूल थेट खाली येते. नवशिक्या मुलाला अवघड जागेवर थांबून विचार करायला शिकवायचे असेल, तर खाली माणूसच हवा. यंत्राबाबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक यंत्राला निर्मात्याने ठरवलेली किमान वजनाची मर्यादा असते, कारण फारच हलके मूल वर अडकून राहू शकते. तसेच यंत्राची ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. मागील तपासणीची तारीख विचारण्याचा पालकाला पूर्ण हक्क आहे. ऑटो बिलेवरील गंभीर अपघातांचे नेहमीचे कारण अगदी साधे आहे: चढणारा कॅराबिनर, म्हणजे हार्नेसला दोर जोडणारी धातूची कडी, अडकवायलाच विसरतो. भिंतीच्या पायथ्याशी, न अडकवता पुढे जाता येणार नाही असे कापडी त्रिकोणी फाटक लावलेले असेल, तर ते याच विसराळूपणासाठी असते आणि त्या जिमबद्दल चांगले मत व्हायला ते पुरेसे आहे.

माझ्या मुलाने दहाव्या वर्षी सुरुवात केली. गादीवर पडण्याची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. बुटक्या भिंतीवर दोन मीटरवर जाऊन तो मुकाट्याने खाली यायचा. दोराच्या भिंतीवर प्रशिक्षकाने त्याला पहिल्या दिवशी डोक्याएवढ्या उंचीवर नेऊन केवळ दोरावर बसायला सांगितले, आणि तीन-चार वेळा बसून झाल्यावर तोच म्हणाला, “आई, आता वर जातो.” दोरावर विश्वास बसण्यासाठी हा सराव सर्व मुलांना आवश्यक आहे. माथ्यावर पोहोचलेले मूल होल्ड सोडायला घाबरते आणि खालून “सोड, सोड” असे दहा जण ओरडतात, हे दृश्य जेथे वारंवार दिसते, तेथे हा सराव वगळला जात आहे असे खुशाल समजावे.

दोराच्या भिंतीचा आणखी एक लाभ मला उशिरा कळला. बारा वर्षांच्या आसपासचे मूल मागे मोठा माणूस दोर धरून उभा असताना बिले द्यायला शिकू शकते, आणि दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आहे ही जाणीव त्या वयाच्या मुलाला बदलून टाकते. चढण्यापूर्वी एकमेकांची गाठ, बक्कल आणि कॅराबिनर तपासून मोठ्याने सांगण्याची पद्धत माझ्या मुलांनी घरीही उचलली आहे. स्कूटरवर बसताना हेल्मेटचा पट्टा ते माझाही तपासतात.

ज्यांच्या घराजवळ यांपैकी चांगली भिंत नाही, त्यांच्यासाठी बडोद्यात एक जुना मार्ग उपलब्ध आहे. जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांच्यापासून चालत आलेली आखाड्यांची परंपरा हे आपल्या शहराचे वैभव आहे, आणि दोरीचा व खांबाचा मल्लखांब हे प्रस्तरारोहणाच्या फार जवळचे व्यायाम आहेत. मल्लखांबावरच्या मुलाची पकड, पोटाचे स्नायू आणि उलटे लटकताना शांत राहण्याची क्षमता ही भिंतीवर थेट उपयोगी पडतात. त्याला शिकावे लागते ते एवढेच की भिंतीवर हातांनी ओढून घ्यायचे नसते, पायांवर उभे राहायचे असते. आठवड्यातून एकदा दूरच्या भिंतीवर आणि दोनदा जवळच्या आखाड्यात, ही जोडणी दर वेळी तासभर रहदारीत घालवण्यापेक्षा मला अधिक टिकाऊ वाटते. आखाड्याचे शुल्कही सहसा जिमच्या तुलनेत पुष्कळ कमी असते.

कोणतीही भिंत निवडली तरी प्रमाणाचा प्रश्न सारखाच राहतो. दहा वर्षांपर्यंत आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी तास-सव्वा तास, हे भरपूर झाले. तेरा-चौदाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढत असताना बोटांच्या हाडांमधील वाढीच्या चकत्या नाजूक असतात, आणि सतत बोटे दुमडून बारीक होल्ड धरल्यास तेथे ताणाने अस्थिभंग होऊ शकतो. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याशी तो विशेषकरून आढळतो. म्हणून लाकडी पट्ट्यांवर केवळ हातांनी उड्या घेण्याचा कॅम्पस बोर्ड वाढ पूर्ण होईपर्यंत मुलांसाठी वर्ज्य मानावा. त्या वयात बोटाचा सांधा दुखू लागला तर चढणे ताबडतोब थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जो प्रशिक्षक “सवय होईल” असे म्हणतो, त्याच्याकडून मूल काढून घ्यावे.

आपल्या गावाचे वेळापत्रकही हिशेबात धरले पाहिजे. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या भिंतीवर दुपारी होल्ड धरवत नाहीत, आणि पावसाळ्यातील दमटपणात घामामुळे कितीही चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड) लावला तरी हात निसटतात. म्हणून वातानुकूलन नसेल तर सकाळची वेळ मिळते का ते पाहावे. उत्तरायणात मांजाने बोटे कापलेली असतात, तेव्हा आठवडाभर सुटी द्यावी. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळलेले मूल दुसऱ्या दिवशी बोल्डरिंगच्या गादीवर नीट उतरू शकत नाही. यामुळे वार्षिक सदस्यत्वाऐवजी दहा किंवा वीस खेपांचा पास बहुतेक कुटुंबांना परवडतो. शुल्काची तुलना करतानाही महिन्याचा आकडा न पाहता, बूट व हार्नेस यांचे भाडे धरून एका प्रत्यक्ष खेपेला किती पडते ते काढावे.

खऱ्या खडकाची घाई करू नये. पावागड घरापासून जेमतेम ५० किलोमीटरवर असल्याने मुले लगेच विचारतात, परंतु नैसर्गिक खडकावर दगड सुटतात, हेल्मेट अनिवार्य असते आणि आधार बसवणारा माणूस प्रशिक्षितच असावा लागतो. भिंतीवर वर्षभर रमलेल्या मुलासाठी माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेची शिबिरे हा सुरक्षित टप्पा आहे; गुजरात सरकारची ही संस्था दीर्घकाळ प्रशिक्षण देत आली आहे. स्पर्धेची ओढ असलेल्यांसाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या विभागीय आणि राष्ट्रीय स्पर्धा वयोगटांनुसार होतात. स्पर्धांत बोल्डरिंग आणि दोर असे दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे बाराव्या वर्षापर्यंत मुलाने दोन्ही भिंती हाताळलेल्या असणे इष्ट आहे.

बूट मात्र पहिले तीन महिने भाड्यानेच घ्यावेत. नंतर विकत घेताना मोठ्यांसारखे घट्ट बूट मुलाला घेऊ नयेत. बोटे सरळ राहतील असे, वेल्क्रोचे पट्टे असलेले आणि मऊ तळाचे घ्यावेत, कारण वाढत्या पायाला सहा-आठ महिन्यांत पुढचा आकार लागतोच. माझ्या मुलीचे पहिले बूट आज जिममधल्या तिसऱ्या मुलीच्या पायात आहेत.