डासांच्या जाळीच्या नावाखाली आई-बाबांना लुबाडलं. तुमच्याकडे कोणी आलं तर आधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला आमच्या आळीत डेंग्यूचे पेशंट निघाले आणि पाठोपाठ दारावर जाळीवाले आले. ही माणसं अशी वेळ हेरूनच येतात, असं माझं आता ठाम मत झालंय. डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो, नुसती रात्रीची मच्छरदाणी लावून भागत नाही, खिडक्यांना जाळी हवीच, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच बाबांनी त्यांना घरात घेतलं.

दोघं जण होते. गळ्यात ओळखपत्रं, हातात टेप आणि जाळीच्या नमुन्यांची फाइल. "काका, पलीकडच्या घरी आम्हीच बसवली," असं सांगितलं. त्या घरी कोणी गेलंच नव्हतं, हे नंतर कळलं. मग एकाने लोहचुंबक काढून नमुन्याला लावला. चिकटला नाही. "बघा, ३०४ ग्रेड स्टील. गंज धरणारच नाही."

बाबांचा विश्वास बसला तो या चुंबकामुळे, म्हणून हे नीट समजून घ्या. ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग. स्वस्तातल्या २०१, २०२ ग्रेडमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात, आणि हे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने फार तर साधं लोखंड ओळखता येईल; २०२ आणि ३०४ मधला फरक कळणार नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

दुसरी लबाडी मापात. भाव ठरला २८० रुपये स्क्वेअर फूट. आमची एक खिडकी ३८ इंच बाय ५० इंच, म्हणजे जेमतेम १३.२ स्क्वेअर फूट. त्यांनी ३८ इंचांचे चार फूट केले, ५० इंचांचे पाच फूट, आणि कागदावर २० स्क्वेअर फूट लिहिले. "राउंड फिगर धरायची पद्धत आहे, आजी," असं आईला सांगितलं. एका खिडकीचे ३,७०० रुपयांच्या आत व्हायला हवे होते, तिथे ५,६०० लावले. अशा पाच खिडक्या. एकूण २८,००० रुपये. त्यातले निम्मे आगाऊ, उरलेले बसवल्या बसवल्या. सरळ हिशेबाने साडेअठरा हजारही झाले नसते. फ्रेमची थोडी वाया जाणारी पट्टी कुणी धरली तर मी समजू शकते, पण जवळपास दीडपट माप हा सरळ दरोडा आहे.

आणि एवढं करून डास आत येतच राहिले. मी पुण्याहून गेले तेव्हा फूटपट्टी लावून जाळीच्या तारा मोजल्या. फाइलमधल्या नमुन्याची वीण बारीक होती, आईला ती चांगली आठवते. डासांसाठी एका इंचात साधारण १६ ते १८ तारा असाव्या लागतात. बसवलेल्या जाळीत १२ भरल्या. सरकत्या फ्रेमच्या कडेला ब्रशची पट्टी लावलेली नव्हती. तिथून बोट जाईल एवढी फट.

दिवाळीपर्यंत जाळीवर तांबूस डाग पडले. फोन केला तर उत्तर आलं, "समुद्राच्या हवेला कुठलंच स्टील टिकत नाही." यात थोडं तथ्य आहे. खाऱ्या हवेत खऱ्या ३०४ वरही डाग येऊ शकतात, किनाऱ्यावर ३१६ ग्रेड जास्त टिकतो. पण मग विकताना "गंज धरणारच नाही" कशाच्या जोरावर म्हणालात? गावातल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरने तुकड्यावर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला. क्षणात लाल झाला. म्हणजे २०० सीरिजचा माल, तेच स्वस्तातलं २०१-२०२ स्टील. त्यानंतर जाळीवाल्यांचा फोन कायमचा बंद.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिलाच प्रश्न: विकणाऱ्याचं नाव, पत्ता, बिल? आमच्याकडे होता 'एस्टिमेट' लिहिलेला चिठोरा. त्यावर जीएसटी नंबर नाही, ग्रेड नाही, पत्ता अर्धा. पैसे यूपीआयने गेले ते कार्डावरच्या नावाला नव्हे, भलत्याच माणसाच्या खात्यात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, पण नोटीस पाठवायला समोरचा सापडायला तर हवा! आता त्या यूपीआय व्यवहाराचे तपशील जोडून पोलिसांकडे अर्ज दिला आहे. आळीतल्या आणखी दोन घरांनीही आमच्याबरोबर सही केली.

जाळी बसवणार असाल तर माप स्वतः घ्या, इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये, आणि तेच बिलावर लिहायला लावा. ग्रेड आणि एका इंचातल्या तारा बिलावर हव्यात. नमुन्याचा तुकडा मागून ठेवा, बसवताना शेजारी धरून बघा. दुकान किंवा वर्कशॉप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. समुद्राजवळ राहत असाल तर पीव्हीसी कोटिंगची फायबरग्लास जाळी बघा. ती गंजत नाही आणि स्वस्त पडते, मात्र उंदीर-मांजराने फाटते. आम्ही आता तीच लावून घेतली, कडेला ब्रशपट्टीसकट. आई-वडील घरी एकटे असतील तर त्यांना आजच फोन करून चुंबकाचं एवढं तरी सांगा.