रीस्टोअर: आधी दुकान, मग दानपेटी

अमेरिकेत मोठे घर विकून लहान घरात जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हल्ली एक प्रश्न हटकून उभा राहतो: इतक्या वर्षांच्या सामानाचे करायचे काय? १९८०-९०च्या दशकांत इकडे आलेली पिढी आता निवृत्त होत आहे. आठ माणसांचे ओकचे डायनिंग टेबल, पाहुण्यांच्या खोलीतले भरभक्कम कपाट, गराजमधला जादा फ्रिज यांतले मुलांना काहीच नको असते. भारतात न्यायचे म्हटले तर वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि ऑनलाइन विकायला काढले तर भाव विचारून नाहीशी होणारी गिऱ्हाइके आठवडेच्या आठवडे खातात. नॉर्थ कॅरोलायनातील रॅली-कॅरी परिसरात आमचे घर आवरताना ज्या सेवेचा आम्हांला सर्वांत जास्त उपयोग झाला, ती म्हणजे हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरे बांधणाऱ्या संस्थेची, दानात आलेले सामान विकणारी रीस्टोअर ही दुकाने. सेवा चांगली आहे, यात शंका नाही. मात्र रीस्टोअर हे आधी दुकान आहे आणि मग दानपेटी, हे ज्याला उमगले त्याचेच काम तिथे सुरळीत होते.

मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी हॅबिटॅटची स्थापना केली. संस्था गरजूंना घरे फुकट वाटते, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. घर मिळणारे कुटुंब स्वतः बांधकामावर ठरावीक तास श्रम करते आणि पुढे आपल्या उत्पन्नाला झेपेल अशा हप्त्यांनी कर्ज फेडते. ज्यांना बँक सहसा दारात उभे करत नाही, पण जे नियमित हप्ता भरू शकतात, त्यांच्यासाठी ही व्यवस्था आहे. जमीन, साहित्य आणि कर्जातील सवलत यांसाठी जो पैसा लागतो, त्याचा एक भाग रीस्टोअरच्या गल्ल्यातून येतो. असे पहिले दुकान १९९१ साली कॅनडातील विनिपेग येथे आणि अमेरिकेतील पहिले १९९२ साली टेक्ससमधील ऑस्टिन येथे सुरू झाले. आज एकट्या अमेरिकेत अशी ९००हून अधिक दुकाने आहेत. प्रत्येक दुकान त्या त्या भागातील हॅबिटॅटची शाखा चालवते. त्यामुळे तुम्ही दिलेल्या टेबलाचा पैसा प्रामुख्याने तुमच्याच काउंटीतील, म्हणजे जिल्ह्यातील, घरांना लागतो, आणि मला या सेवेतली हीच गोष्ट सर्वांत पटते. संस्थेचे नाव महाराष्ट्रालाही अगदीच परके नाही. २००६ साली माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर यांच्या नावाने दरवर्षी होणारा तिचा बांधकाम उपक्रम लोणावळ्याजवळ झाला होता आणि त्यात स्वयंसेवकांच्या हातांनी १०० घरे उभी राहिली होती.

आता दुकान म्हणजे काय ते पाहू. गोदामासारखी मोठी जागा असते. एका बाजूला सोफे, टेबले आणि कपाटे मांडलेली असतात, दुसरीकडे दारे, खिडक्या, फरशा, दिवे, नळ आणि सिंक यांच्या रांगा असतात. घराची डागडुजी स्वतः करणारी माणसे, लहान कंत्राटदार आणि भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलेले विद्यार्थी हे इथले नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांना बाजारभावाच्या बऱ्याच खाली वस्तू हवी असते, पण मोडकी नको असते. देण्याआधी एक दिवस नुसते गिऱ्हाईक म्हणून या दुकानात फिरून यावे, असा माझा सल्ला आहे. आपला जो सोफा आपल्याला ‘अजून चांगला’ वाटतो, त्याच्याहून चांगले चार सोफे तिथे किती कमी किमतीची चिठ्ठी लावून उभे आहेत, हे पाहिले की वस्तूविषयीचा मोह आणि दानाविषयीचा अहंकार दोन्ही बेताचे होतात.

साधारणपणे घेतल्या जाणाऱ्या वस्तूंत लाकडी फर्निचर, चालू स्थितीतली आणि फार जुनी नसलेली विजेची उपकरणे, दिवे, गालिचे, हत्यारे आणि बांधकामाचे उरलेले साहित्य यांचा समावेश होतो. वापरलेल्या गाद्या आणि कपडे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. बाळाचे पाळणे आणि गाडीतील बाळाची आसने देण्याचा तर विचारही करू नये, कारण त्यांच्या सुरक्षिततेचे नियम बदलत राहतात. बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांच्या विक्रीवर अमेरिकेत २०११ पासून बंदीच आहे. जुन्या कमोडची गोष्टही तशीच. १९९४ पासून घरगुती कमोडला एका वेळी १.६ गॅलन, म्हणजे सुमारे सहा लिटर पाण्याची मर्यादा आली, आणि त्याआधीचे जास्त पाणी ओढणारे कमोड अनेक शाखा नाकारतात. प्रत्येक शाखेची यादी थोडी वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या काउंटीतील मित्राच्या अनुभवावर विसंबू नये.

खरी किंमत स्वयंपाकघराला आहे. घर विकण्याआधी किंवा विकत घेतल्यावर स्वयंपाकघर नवे करताना कंत्राटदार जुनी कॅबिनेटे हातोड्याने फोडून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. तीच कॅबिनेटे नीट उतरवली, तर रीस्टोअरमध्ये पूर्ण संच म्हणून चांगल्या भावाने विकली जातात. काही शाखा उतरवण्यासाठी स्वतःची माणसेही पाठवतात. आम्ही कंत्राटदाराशी आधीच बोलून ठेवले होते, आणि स्क्रू, बिजागऱ्या व मुठी प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पिशवीत घालून चिकटपट्टीने लावल्या होत्या. आपल्या घरांत आणखी एक काम असते. रोजच्या फोडणीने शेगडीवरच्या कॅबिनेटच्या कडांवर पिवळसर चिकट थर बसतो, जो आपल्याला दिसेनासा झालेला असतो, पण परक्या माणसाच्या बोटाला लगेच लागतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण यांनी तो निघतो. त्यासाठी एक सकाळ हाताशी ठेवावी. संच अर्धवट असला, एखादे दार गहाळ असले किंवा मापे न लिहिता दिला, तर त्याची किंमत एकदम खाली येते.

जड सामान घरून नेण्याची सोय बहुतेक शाखा विनामूल्य देतात, मात्र वेळ आधी घ्यावी लागते आणि तारीख मिळायला एक-दोन आठवडे सहज लागू शकतात. छायाचित्रे मागितली जातात, तीही लपवावीशी वाटते ती बाजू टाळून काढू नयेत. आमच्याकडे आलेल्या दोघांपैकी एकाने सोफ्याच्या गाद्या उचलून खालचे कापड पाहिले, बैठकीवरून तळहात फिरवून कुत्र्यामांजराचे केस आहेत का ते तपासले, टेबलाचे पाय हलवले आणि कपाटाचा प्रत्येक खण पूर्ण बाहेर ओढून पाहिला. हे सारे चालू असताना तो हसतमुख होता, पण भिडेखातर काहीही उचलणार नाही हेही स्पष्ट दिसत होते. खुर्चीचा एक संच त्याने नम्रपणे मागे ठेवला, कारण सहातल्या दोन खुर्च्यांची शिवण उसवली होती. मला हे योग्यच वाटले. न विकली जाणारी वस्तू फेकण्याचा खर्च दुकानाला पडतो, आणि तो घरबांधणीच्या पैशातून जातो.

अशा दानावर मिळणाऱ्या प्राप्तिकराच्या सवलतीविषयी मात्र आपल्या मंडळींत फार गोड गैरसमज आहेत. दुकान पावती देते. त्यावर वस्तूंचे वर्णन असते, किंमत नसते. वापरलेल्या स्थितीत बाजारात जो भाव आला असता तो देणाऱ्याने स्वतः ठरवायचा असतो, आणि मूळ खरेदीची किंमत इथे कामाची नाही. घरगुती वस्तू किमान चांगल्या स्थितीत असावी, अशी कायद्याची अटही २००६ पासून आहे. वर्षभरात अशा वस्तुरूप दानाची वजावट ५०० डॉलरच्या वर गेली तर कर-विवरणासोबत फॉर्म ८२८३ भरावा लागतो आणि एखादी वस्तू किंवा एकसारख्या वस्तूंचा गट ५,००० डॉलरच्या वर दाखवला तर अधिकृत मूल्यांकन लागते. खरी मेख पुढेच आहे. ही वजावट मिळते ती स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सर्वांना मिळणारी ठरावीक सरसकट वजावट, न घेता खर्च तपशीलवार दाखवणाऱ्यांना. २०२५ सालासाठी एकत्र विवरण भरणाऱ्या दांपत्याचे स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे, आणि ज्यांचे गृहकर्ज फिटले आहे अशा निवृत्त जोडप्याचा तपशीलवार खर्च तिथवर क्वचितच पोहोचतो. म्हणजे लहान घरात जाणाऱ्या बहुतेकांना करात काहीही मिळत नाही. पावती फायलीत जरूर ठेवावी, पण तिच्या भरवशावर गणित मांडू नये.

दुसरे पर्याय कोणते? गुडविल आणि साल्व्हेशन आर्मी यांच्या दुकानांचा पैसा अनुक्रमे रोजगार-प्रशिक्षण आणि व्यसनमुक्ती-पुनर्वसन अशा कामांना जातो, आणि कपडे, पुस्तके, भांडी यांसाठी ती अधिक सोयीची आहेत. दारे, सिंक आणि कॅबिनेटे यांना मात्र रीस्टोअरसारखे दुसरे ठिकाण नाही. पैसे घेऊन सामान उचलणाऱ्या एका खासगी कंपनीला आम्ही उरल्यासुरल्यासाठी बोलावले, तेव्हा फोनवर सांगितलेला दर दारात आल्यावर जवळपास दीडपट झाला, आणि ते सामान पुढे कुठे जाणार याचे धड उत्तर मिळाले नाही. उत्तराचा अंदाज करता येतो: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ साली टाकून दिलेल्या सुमारे १.२१ कोटी टन फर्निचरपैकी ८० टक्के कचराभूमीत गेले.

पाचपैकी मी रीस्टोअरला साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो शाखेशाखेचे नियम वेगळे असल्यामुळे आणि तारखांच्या प्रतीक्षेमुळे, कारण घर विकणाऱ्याच्या हातात वेळ नेमका त्याच दिवसांत नसतो. म्हणून घराचा ताबा देण्याच्या तारखेच्या किमान महिनाभर आधी ट्रकची वेळ ठरवावी, आणि ट्रक नाकारील त्या गाद्या, जुना टीव्ही व रंगाचे अर्धे डबे यांसाठी काउंटीच्या संकलन केंद्राची एक फेरी आधीच धरून चालावी.