रकाना काढायचाय: 'कट' की नूशेलचा 'रिजेक्ट'?

दोन्ही टर्मिनलमधल्या आज्ञा: 'कट' लिनक्स-मॅकवरची जुनी, 'रिजेक्ट' नूशेल या नव्या शेलमधली. चाचणीसाठी छोटी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल पुरे: नाव, पत्ता, फोन. एक पत्ता मुद्दाम अवतरणचिन्हांत ठेवा: "कोथरूड, पुणे". आता तिसरा रकाना, म्हणजे फोन, काढून टाका.

जीएनयू 'कट' (लिनक्सवर सहसा असतो तो) स्वल्पविराम हा विभाजक देऊन '--कॉम्प्लिमेंट'सह (दिलेला रकाना सोडून बाकीचे दाखवणारा पर्याय) चालवला की त्या ओळीत 'पुणे' उडतं आणि फोन तसाच राहतो. कटला अवतरणं कळत नाहीत, तो प्रत्येक स्वल्पविरामावर तोडतो. त्रुटीही दाखवत नाही, हे जास्त वाईट. मॅकच्या कटमध्ये तर हा पर्यायच नाही.

'रिजेक्ट' रकाना त्याच्या नावाने काढून टाकतो. पुढे 'कॉलम्स' ही आज्ञा जोडून उरलेल्या रकान्यांची नावं पडताळा. नसलेलं नाव दिल्यास त्रुटी येते, नावापुढे प्रश्नचिन्ह लावल्यास येत नाही. दोन्ही तपासाच. साध्या टॅबवाल्या लॉगला मात्र कटच बरा.