आठ महिने ॲपवरचे कॉल: परभणीतून कंत्राटी काम करणाऱ्याचा अनुभव

स्टेशन रोडवरचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान मी गेल्या जूनमध्ये सोडलं. भाडं वाढत गेलं आणि गिऱ्हाईक घटत गेलं. उरलं काय, तर टूलकिट, मल्टिमीटर आणि दुचाकी. मग जुलै २०२५ पासून एका फिल्ड सर्व्हिस ॲपवर नाव नोंदवून कंत्राटी कॉल, म्हणजे ग्राहकाच्या जागेवर जाऊन करायची दुरुस्तीची कामं, घ्यायला लागलो. फेब्रुवारीपर्यंत एकशे चाळीसेक कॉल केले. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दोन महिन्यांचे पैसे अजून त्यांच्याकडंच आहेत.

आधी चांगलं ते सांगतो. नोंदणीला पैसे लागले नाहीत. आधार, पॅन, पासबुक दिलं आणि दोन दिवसांत आयडी आला. काम खरंच येतं. बँकेच्या शाखा, औषध दुकानांची साखळी, पेट्रोल पंप, मोबाइलचे शोरूम, सगळीकडं हात लागला. काम झालं की ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की कॉल क्लोज. 'इंजिनिअर आलाच नव्हता' म्हणायची सोय राहत नाही.

गणित बिघडतं ते अंतरात. साध्या कॉलचा दर ३५० रुपये आणि ॲपच्या लेखी परभणी म्हणजे अख्खा जिल्हा. नऊ तालुके! गंगाखेडला परळी लाइनची गाडी वेळेवर असली तर रेल्वेनं जातो. जिंतूर मात्र दुचाकीवरच, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. त्यात आमचं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून इतक्या लांब यायचं, म्हणून राज्यात महागातलं. साडेतीनशेतले पावणेदोनशे-दोनशे तिथंच जातात.

नोव्हेंबरमधला जिंतूरचा कॉल सांगतो. लॅपटॉपची रॅम बदलायची होती. पार्ट कुरिअरच्या ऑफिसातून उचलला, सील शाखेत साहेबांसमोरच फोडलं. आत डेस्कटॉपची लांब पट्टी. लॅपटॉपच्या खाचेत ती जन्मात बसणार नाही. हेल्पडेस्कला फोन लावला तर तिकडून उत्तर, "सर, कस्टमर से रीशेड्यूल ओटीपी ले लीजिए." शिपाई मामा चहा घेऊन आले.

"कामून हो, झालं नाही का?"

"मामा, पट्टीच चुकीची धाडली."

"मग तुमचा हेलपाटा कोण देतंय?"

तीन दिवसांनी पुन्हा गेलो, दहा मिनिटांत काम झालं. महिनाअखेरच्या हिशोबात पहिल्या खेपेसमोर ३५० आणि दुसऱ्या खेपेसमोर 'रीव्हिजिट: ०'. चूक त्यांच्या गोदामाची, भुर्दंड माझा. तीन मेल केले, तिन्हीला तेच साच्यातलं उत्तर आलं.

बिघडलेला पार्ट सात दिवसांत परत पोचला नाही तर त्याची किंमत माझ्या पैशांतून वळती होते. एका एसएमपीएसचे (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचे) १,४०० रुपये असेच कापले होते. मी कुरिअरच्या पावतीचा फोटो काढून ठेवला होता म्हणून दीड महिन्यानं परत मिळाले. तेव्हापासून पार्ट हातात आला की सिरियल नंबर, सील आणि पावती, तिन्हीचे फोटो काढल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढत नाही.

आता पैशांचं. करारात ६० दिवसांनी पैसे, असं लिहिलेलं. मी मुकाट्यानं सही केली. नंतर एका ओळखीच्या सीएनं सांगितलं की उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात; लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यातच तसं आहे, आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट काम घेणाऱ्या कंपनीला आयकरात मिळत नाही. त्यांना टोचतं ते हेच. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. मी मात्र सेंटरवाल्याला ५०० रुपये देऊन बसलो, कॉम्प्युटरवाला असून! बिलावर उद्यम क्रमांक टाकायला लागल्यापासून नांदेडचा एक व्हेंडर, ज्याचं रोलआउटचं (एकदम बऱ्याच जागी मशीन बसवायचं) काम मी थेट करतो, वेळेत पैसे सोडतो. ॲपवाल्यांना अजून तरी फरक पडलेला नाही. १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, मात्र ते चोख कापतात. तो आयकर पोर्टलवर आपल्या नावावर जमा दिसतो का हे दर तिमाहीला बघा, कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो.

खरा आधार मिळाला तो ॲपच्या बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मानवतच्या एका पतसंस्थेत बारा मशीन, त्यातली सात चौथ्या पिढीच्या प्रोसेसरची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. सातही बदलायला पैसे नव्हते. कॅश काउंटर आणि लोनच्या टेबलावरची तीन आधी बदलली, बाकीची पुढच्या वर्षावर. त्या कामातून एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, मिळाला, १८,००० रुपये, दोन हप्त्यांत.

तिथं लॅन कार्ड (नेटवर्कची केबल जोडायचं कार्ड) सारखं जायचं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर एकोणीस व्होल्ट. दोन-तीनच्या वर दिसायला नको. मागं जाऊन बघितलं, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा, वर सायकल लावलेली. वायरमन बोलावून अर्थिंग नवं करून घेतलं आणि करारात एक ओळ वाढवली: वीज व अर्थिंगचा बिघाड एएमसीत नाही. मॅनेजरसाहेबांनी जरा तोंड वाकडं केलं, पण सही केली. दुसरा हप्ता 'मार्चअखेर झाल्यावर बघू' म्हणतात, तरी फोन उचलतात हे काय कमी आहे?

ॲपला पाचपैकी अडीच स्टार. नवीन पोरांनी हात बसवायला सहा महिने जरूर करावं, पण घर त्यावर चालवू नये. मी आता शहरातले, पार्ट न लागणारे कॉल तेवढे घेतो. लांबचा असला तर प्रवासखर्च ॲपवर मंजूर झालेला दिसल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. आज सकाळी सोनपेठचा एक आला. ३५० रुपये, 'अर्जंट'. प्रवासखर्च टाकला. दुपारचे चार वाजलेत, स्क्रीनवर अजून 'ॲप्रूव्हल पेंडिंग'च आहे.