जुनिपर बोन्सायचा पहिला हिवाळा: सहा महिन्यांनंतर

ऐन थंडीच्या तोंडावर हे झाड घरी आणलं. आता शेंड्यांना पोपटी फुटवा आलाय, म्हणून निवांतपणे लिहायला बसलेय. झाड म्हणजे जुनिपरस प्रोकम्बेन्स 'नाना': बुटकं, पसरट, टोचऱ्या पानांचं. पहिलं बोन्साय घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा हेच पडतं.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "खिडकीत ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा." तसं केलं असतं तर आज झाड नसतं. जुनिपरची जागा बाहेर, बाराही महिने. हिवाळ्यात त्याला विश्रांती लागते आणि त्यासाठी काही आठवडे सलग गारठा मिळावा लागतो. उबदार खोलीत ते जागंच राहतं. तिथे उजेड अपुरा, हवा कोरडी, त्यामुळे साठवलेली ताकद हळूहळू संपते. आणि फसगत अशी की मेलेलं जुनिपरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. "आमचं दोन महिने घरात छान होतं" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

आणल्या दिवशी पाणी घातलं तर ते वरच्यावर फिरून काठावरून ओघळून गेलं. मातीवर शोभेचे खडे होते, ते चक्क डिंकाने एकमेकांना चिकटवलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून तो थर उचकटला तेव्हा खालची माती भुकटीसारखी कोरडी होती. फार वाईट वाटलं. टबात पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवली. कुंडी बदलायचा मोह झाला, पण थंडीत दुखावलेली मुळं भरून येत नाहीत. ते काम वसंतावर ढकललं. खतही बंद.

जमिनीत लावलेलं हे झाड उणे 20 अंश सेल्सिअसही सोसतं. कुंडीत मात्र मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो, आणि फांद्यांपेक्षा मुळं कितीतरी नाजूक. म्हणून कुंडी स्टँडवरून उतरवून थेट जमिनीवर ठेवली आणि काठापर्यंत सालीच्या चुऱ्याने झाकली. उणे 12 चा अंदाज आला तेव्हा चार रात्री गॅरेजमध्ये हलवली. तिथे हीटर नाही, पारा 1 ते 3 अंशांवर होता. थंडी ओसरताच पुन्हा बाहेर.

हिवाळ्याच्या मध्यावर पानं तपकिरी-जांभळट झाली आणि माझा धीर सुटला. पण हा रंग थंडीचाच असतो, सगळ्या झाडावर सारखा पसरतो आणि पानं लवचीक राहतात. वाळणारी फांदी वेगळी दिसते: फिकट पिवळी पडते, बोटाने चोळली की पानं चुरचुरून गळतात.

तशी एक फांदी माझ्याकडे गेलीच, आणि ती थंडीने नाही, वाऱ्याने गेली. सलग तीन दिवस लख्ख ऊन, बोचरा वारा, आणि कुंडीतली माती दगडासारखी गोठलेली. पानांतून पाणी उडत राहिलं, गोठलेल्या मातीतून मुळांना ते ओढता येईना. वाऱ्याच्या बाजूची फांदी तहानेने वाळली. गोणपाटाचा आडोसा मी त्यानंतर उभारला, तो पहिल्याच आठवड्यात उभारायला हवा होता. या हिवाळ्यातली माझी खरी चूक हीच.

पाण्याचं वेळापत्रक ठेवलं नाही. एक साधी लाकडी काडी मातीत खोचून ठेवायची, उपसून गालाला लावायची. कोरडी लागली तर पाणी, तेही पारा शून्याच्या वर असताना आणि सकाळीच. काही वेळा दहा-बारा दिवस गरज पडली नाही. बर्फ पडला तेव्हा कुंडीवरचा राहू दिला, त्याने ऊबच मिळते. फांद्यांवरचा मात्र हलक्या हाताने झटकला, नाहीतर ओझ्याने मोडतात.

मागच्या महिन्यात जांभळट छटा आतून बाहेर ओसरू लागली. वाळक्या फांदीची साल नखाने खरवडून पाहिली, आत हिरवं काहीच नव्हतं. शेजारच्या फांदीवर तेच केलं तर ओला, हिरवा पापुद्रा. तो पाहून डोळ्यांत पाणी आलं. वाळकी फांदी कापली नाही. साल सोलून तशीच ठेवलीय, बोन्सायवाले तिला 'जिन' म्हणतात. नव्या मातीसाठी प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि लाव्हाचे खडे चाळून ठेवलेत, कुंडी या आठवड्यात बदलणार.