बार्सिलोना: जूनमधली ती एक रात्र, की सप्टेंबरमधले मेर्सेचे दिवस?

व्हिसाची कटकट आणि विमानाचं भाडं बघता उत्सवासाठी बार्सिलोनाला जाणं बहुतेकांना एकदाच जमतं. मग प्रश्न येतो: २३ जूनची सान जुआनची रात्र गाठायची, की २४ सप्टेंबरच्या आसपासचा ला मेर्से? आग, फटाके, जागरण दोन्हीकडे आहे. पण सान जुआन हा घरचा गणपती आहे आणि मेर्से सार्वजनिक. घरचा गणपती कितीही देखणा असला तरी ओळखीशिवाय आत कसं शिरणार?

सान जुआनला अख्खं शहर आपापल्या माणसांत असतं. कुणी गच्चीवर, कुणी चौकातल्या होळीपाशी, तर कुणी बार्सेलोनेता नाहीतर बोगातेलच्या वाळूत चादरी पसरून. सोबत कावा नावाची फेसाळ वाइन आणि कोका, म्हणजे साखरेत मुरवलेली फळं आणि चिलगोजे लावलेला लांबट, चपटा गोड पाव. सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो आणि मग पहाटेपर्यंत फटाके. फ्रान्सच्या हद्दीतल्या कानिगो डोंगरावरून ज्योत आणून गावोगावच्या होळ्या पेटवतात. शिवजयंतीला गडावरून शिवज्योत घेऊन पळत येणारी पोरं पाहिली असतील तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल.

चार-पाच मित्र बरोबर असतील तर या रात्रीला तोड नाही. एकटे असाल तर मात्र वाळूत बसून दुसऱ्यांच्या पाठी बघाल. मी तेच केलं. शेजारच्या कुटुंबातल्या आजींनी कोकाचा तुकडा हातावर ठेवला, तेवढाच पाहुणचार. उजाडताना महापालिकेचे सफाईवाले आले आणि उरलेल्यांना उठवायला लागले. मेट्रो रात्रभर चालू असते म्हणून परतायची चिंता नव्हती.

मेर्से महापालिका भरवते. रस्त्यावरचे बहुतेक कार्यक्रम फुकट आणि गर्दीत कुणी कुणाला ओळखत नसलं तरी बिघडत नाही. माझा कौल इकडे जातो तो मुख्यतः कास्तेलमुळे. प्लासा सान जाउमे या चौकात, दोन सरकारी इमारतींच्या मधोमध, माणसांचे मनोरे उभे राहतात. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. दहीहंडी बघत वाढलेल्याला यात नवं काय, असं मलाही वाटलं होतं. नवं आहे ते खाली. पायाशी जी दाटी असते तिला पिन्या म्हणतात. त्यातल्या माणसांना माना खाली घालून एकमेकांत घट्ट रुतलेलं असताना वर काय चाललंय ते दिसत नाही. त्यांना ते ऐकू येतं. सनईच्या जातीचं ग्राल्या नावाचं वाद्य वाजत असतं आणि त्याच्या सुरांवरून खालच्यांना कळतं की मनोरा कुठवर आला. सगळ्यात वरचं पोर, अंशानेता, एक हात उंचावतं आणि दुसऱ्या बाजूने उतरायला लागतं. चौक ओरडतो, पण जाणकार अजून गप्प असतात, कारण मनोरा थराथराने नीट उतरला तरच तो पुरा झाला असं धरतात. त्या उतरण्यात जो श्वास रोखला जातो, तो चढताना जात नाही.

दुसरी गोष्ट कोरेफोक. सैतानाच्या वेशातली माणसं आणि आग ओकणारे ड्रॅगन ठिणग्या उडवत गर्दीतून जातात. जवळ जायचं तर जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्याला टोपी हवीच. नायलॉनचं जॅकेट हॉटेलवर राहू द्या. मुलांसाठी वेगळा, सौम्य कोरेफोक असतो.

मेर्सेची खोट पावसाची. सप्टेंबरअखेर तिथे वादळी सरी कोसळतात आणि कार्यक्रम रद्द होऊ शकतात. एकाच संध्याकाळवर भिस्त ठेवू नका, तीन-चार दिवस हाताशी ठेवा.

नाटक, ऑपेरा हा तुमचा जीव असेल तर पारडं जूनकडे झुकतं. जूनअखेर ग्रेक महोत्सव सुरू होतो. त्याचं मोंजुईक टेकडीवरचं खुलं नाट्यगृह १९२९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जुन्या खाणीत बांधलेलं. रांब्लावरचं लिसेऊ हे ऑपेरागृह तेव्हा हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात असतं, तर मेर्सेच्या वेळी त्याचा हंगाम जेमतेम उघडत असतो. १८४७ साली सुरू झालेलं हे थिएटर १८६१ आणि १९९४ अशा दोन आगींतून उभं राहिलं. त्याच्या २,२९२ खुर्च्यांवर जून २०२० मध्ये तेवढीच झाडं ठेवून मैफल झाली आणि नंतर ती झाडं आरोग्य कर्मचाऱ्यांना वाटली. काही स्वस्त जागांवरून रंगमंच अर्धाच दिसतो, तेव्हा तिकीट काढताना तेवढं बघून घ्या. १९०८ चं पलाऊ दे ला मुसिका मात्र कुठल्याही महिन्यात चुकवू नका, निदान छतातून उलट्या घुमटासारखी लोंबणारी रंगीत काच बघायला तरी जाच.

क्लबांसाठी महिना निवडायची गरज नाही. पोबलेनोऊमधलं राझमाताझ किंवा पाराल्येलजवळचं आपोलो बाराही महिने चालतं. मात्र रात्री एकच्या आत गेलात तर रिकाम्या हॉलमध्ये उभे राहाल. लोक जेवायलाच नऊ-दहाला बसतात.

आणि जूनचंच ठरलं तर कोका आदल्या दिवशी सांगून ठेवा. २३ तारखेला संध्याकाळी बेकऱ्यांपुढे रांगा लागतात.