दुसरं टेबल लागलं अन् तासाची रांग १२ मिनिटांवर आली

पीक विमा भरायला आमच्या औसा तालुक्यातल्या एका सेवा केंद्रावर तीन-चार वर्षं झाली जातोय, आधीचा अनुभव अन् यंदाचा दोन्ही लिहितो कारण फरक लई मोठाय.

आधी एकच टेबल होतं. आबाला घेऊन जायचो, सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक सगळं पिशवीत, अन् पत्र्याखाली तासभर उभं. लोक म्हणायचे टेबलावरचं पोरगं हळू हात चालवतंय. मी एक दिवस मोबाईलमधी टाइम टिपत बसलो तर एका फॉर्मला सरासरी १० मिनिटं, म्हणजे तासाला ६ जण निघतात, अन् येणारे तासाला ५. मग रांग काऊन लागावी? तर लोक काय १२-१२ मिनिटांनी मोजून येत नाहीत, बस आली की चौघं संगंच उतरतात अन् मधी अर्धा तास कुणीच नसतं, अन् तो रिकामा गेलेला अर्धा तास नंतर कामाला येत नाही. पोराची काहीच चूक नव्हती, हे मी तिथंच सगळ्याला सांगितलं.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं फोन कॉलवर १९०९ मधी पेपर लिहिला, तिथून हे रांगांचं गणित सुरू झालं. एकच टेबल असंल तर तासाला निघू शकणाऱ्यातून येणारे वजा करा अन् १ ला त्यानं भागा. ६ वजा ५, म्हणजे रांगेतला अन् टेबलावरचा वेळ मिळून सरासरी १ तास. येणारे साडेपाच झाले की थेट २ तास! निस्तं अर्धं माणूस वाढलं अन् वेळ दुप्पट.

यंदा मालकानं दुसरं टेबल लावलं अन् टोकन दोन्हीला मिळून एकच ठेवलं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. तासाला ५ च्या त्याच गर्दीला गणितानं १२ मिनिटं येतात, आमचं काम १५ मिनिटांत झालं. दोन टेबलांना दोन रांगा केल्या असत्या तर १७ लागली असती, कारण शेजारचं टेबल मोकळं पडतं अन् आपण मात्र ज्याचं आधार लिंक नाही त्याच्या मागं अडकून बसतो.

तक्रार एकच, शेवटच्या तारखेच्या आदल्या दोन दिवसांत तासाला पंधरा-वीस माणसं येतात अन् दोन टेबलांची ताकद १२ ची, तवा रांग संध्याकाळपर्यंत वाढतच जाते, त्या दोन दिवसांपुरतं तरी तिसरं टेबल लावा मालक. बायकांना बसायला बाकडं पण ठेवा.

अन् जाणाऱ्यांनी कागदं घरूनच क्रमानं लावून न्या, आबानं यंदा पासबुकाचं पान दुमडून ठेवलं होतं, आमचा फॉर्म ७ मिनिटांत झाला.